आशीर्वादाचा स्नायू

तात्यासाहेब हिरुगड्यांच्या पोटऱ्या बघायला लोक येत. थट्टा नाही, खरोखर येत. ऐंशी ओलांडलेला माणूस, दोन वर्षं अंथरुणाला खिळलेला. गाल आत गेलेले, ओठाच्या कोपऱ्यातून लाळ, आणि धोतर गुडघ्यावर सरकलं की खाली पंचविशीतल्या गड्याचे पाय. भरीव, टणक, तेल चोळून चकचकीत केलेले. धोतर सरकवायचं काम एकुलता मुलगा विक्रांत स्वतःच्या हाताने करायचा. वर पाहुण्यांना म्हणायचा, "दाबून बघा. बघा की! लाजताय काय?" मग पाहुणे दाबून बघायचे, जनावरांच्या बाजारात बघतात तसे, आणि "वा वा" करत चहाला बसायचे.

ऋतुजा मगदूम ही तात्यांची फिजिओथेरपिस्ट. त्या पोटऱ्या तिनेच घडवलेल्या. पहिल्या वर्षी तिलाही त्यांचं कोण कौतुक! कोल्हापुरातल्या एका परिषदेत तिने त्यांचे फोटोही दाखवले होते. आता त्याच पायांना तेल लावताना ती नजर दुसरीकडे ठेवायची. घरी आल्यावर ती साबणाने कोपरापर्यंत हात धुवायची, आणि तरी जेवताना चमच्याने जेवायची.

तात्यांच्या मेंदूच्या बुडाशी रक्तस्राव झाला होता. बोलणं गेलं, मान गेली, डोळे समोरच्या भिंतीवर थिजले. माणूस आत शुद्धीवर आहे की नाही, यावर दोन मोठ्या डॉक्टरांची दोन मतं. अशा रोग्याचे स्नायू सहा महिन्यांत वाळून जातात. तसं होऊ नये म्हणून विक्रांतने ते नवं कापड मागवलं. अंगाला चिकटून बसणारा सदरा आणि विजार, आणि विणीत ठिकठिकाणी ज्वारीच्या दाण्याएवढ्या मोटारी. त्या चालू झाल्या की खोलीभर बारीक घूं घूं ऐकू यायची. घरातल्या गडीमाणसांनी त्याला थरथऱ्या असं नाव ठेवलं होतं.

त्यामागचं शास्त्र साधं आहे. डॉक्टर गुडघ्याखाली हातोडीने टिचकी मारतो आणि पाय आपोआप उडतो, हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं. स्नायूच्या धाग्यांत चरख्यावरच्या चातीच्या आकाराचे बारीक पहारेकरी दडलेले असतात. स्नायू ताणला गेला की ते ओरडतात. ती ओरड पाठीच्या कण्यापर्यंत जाते, आणि कणा मेंदूला न विचारता परस्पर हुकूम सोडतो, आवळ! हातोडीचा एक ठोका म्हणजे एक ओरड. मोटार सेकंदाला ऐंशी-नव्वद वेळा थरथरते, म्हणजे तेवढे बारीक ठोके. पहारेकऱ्यांना वाटतं स्नायू सारखा ताणलाच जातोय. ते ओरडत राहतात, कणा हुकूम देत राहतो, स्नायू आवळत राहतो. व्यायाम होतो, पण तो करणारा कुणी लागत नाही.

आणि जिथे करणारा लागत नाही, तिथे करवून घेणारे लगेच जमतात.

पाडव्याच्या आदल्या दिवशी विक्रांत म्हणाला, "मॅडम, उद्या लोक पाया पडायला येणार. तात्यांचा हात जरा वर आला असता तर? दंडाचा स्नायू तर तुम्ही रोज हलवताच."

"त्याने काय होणार?" ऋतुजाने विचारलं.

"काय व्हायचंय? म्हाताऱ्या माणसांना बरं वाटंल. तेवढंच पुण्य."

ऋतुजाला त्यात काही वावगं दिसलं नाही. उलट गंमतच वाटली. तिने दंडाच्या मोटारींचा जोर बेताने वाढवला, पंजा उघडा राहावा म्हणून मनगटाला प्लॅस्टिकची पट्टी बांधली, पट्टीवर रेशमी अस्तर घातलं. तात्यांना खुर्चीत बसवल्यावर पाय ठेवायच्या चौरंगात एक संवेदक बसवला. कुणी वाकून पायांना हात लावला की चौरंग ओळखणार, दंड थरथरणार, कोपर दुमडणार आणि तात्यांचा पंजा संथपणे उठून वाकलेल्या डोक्यावर टेकणार. पाडव्याला हे झालं आणि बायाबापड्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहिलं. महिन्याभरात हिरुगड्यांच्या बंगल्यापुढे चपलांचा ढीग पडायला लागला. एकदा घरातलं मांजर चौरंगावर अंग घासून गेलं, तर तात्यांनी त्यालाही आशीर्वाद दिला. विक्रांत पोट धरून हसला. ऋतुजाला हसू आलं नाही. तिला तेव्हा पहिल्यांदा शिसारी आली.

आता विक्रांतला हे पुण्य कशाला हवं होतं, ते तालुक्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. तालुक्याचा दूध संघ तात्यांनी उभा केलेला, सायकलला किटल्या बांधून गावोगाव हिंडून. संघाचे मालक म्हणजे दूध घालणारे सभासद. परराज्यातली एक बडी कंपनी तो विकत घ्यायला टपली होती आणि कंपनीच्या गादीवर बसायला विक्रांत टपला होता. तात्यांचा याला कडाडून विरोध. आजारी पडायच्या आठवडाभर आधी याच गोष्टीवरून त्यांनी विक्रांतला भर बैठकीतून हाकललं होतं. पण सभासद अजून तात्यांचेच होते. तात्यांनी मुलाच्या डोक्यावर हात ठेवला, म्हणजे त्यांचा राग गेला, म्हणजे विक्रीला त्यांची ना नाही, असा सरळ हिशेब. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात. इथे तर म्हैस जिवंत होती आणि तरी कासेला यंत्र लावलं होतं.

एका सकाळी ऋतुजाची आई दर्शनाला आली. दारात दोन म्हशी, त्यांच्याच दुधावर तिने ऋतुजाला शिकवलं. नवरा गेला त्या साली पहिली म्हैस तात्यांनी संघाकडून मिळवून दिली होती. आई लुगड्याचा पदर डोक्यावर घेऊन ओळीत उभी राहिली. लेक आतल्या माणसांतली असून ओळ मोडून पुढे आली नाही. तिचा नंबर आला. तिने गुडघे टेकले, कपाळ तात्यांच्या पावलांवर ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही.

घूं घूं झालं. पंजा उठला आणि आईच्या डोक्यावर टेकला.

"ऋतू!" आईचे डोळे भरले होते. "वळीखलं गं मला तात्यांनी! बघितलंस न्हवं? वळीखलं!"

ऋतुजाच्या हातात त्या पंजाचा जोर कमीजास्त करणारा फोन होता. तिने तो पाठीमागे लपवला. "हो आई," ती म्हणाली.

"विक्रांतदादांवरचा पण राग गेला म्हनं त्यांचा. मग काय, आमची तरी कशाला हरकत? तात्यांनी हात ठेवला म्हंजे इषय संपला."

आई गेल्यावर ऋतुजा मोरीत जाऊन ओकली.

तिने नोकरी का सोडली नाही, असं कुणी विचारील. सोडायचं तिने ठरवलं होतं. पण त्याच दुपारी एक गोष्ट घडली. विक्रांत दोन पाहुण्यांना घेऊन आला, रिवाजाप्रमाणे पुढे झाला आणि तात्यांच्या पावलांकडे वाकला. त्याची बोटं टेकायच्या आत तात्यांचा उजवा पाय चौरंगावरून मागे सरकला. वीतभर. चौरंगाला स्पर्श झाला नाही, म्हणून हातही उठला नाही.

आपल्याकडे रुसलेली वडीलमाणसं बोलत नाहीत, पाय मागे घेतात. नमस्कार नको तुझा, असा त्याचा अर्थ. लहान पोरालाही तो कळतो. पाहुण्यांनी एकमेकांकडे बघितलं. विक्रांत हसला आणि म्हणाला, "थरथऱ्याचा झटका येतो अधूनमधून."

पण त्या वेळी पायातल्या मोटारी बंद होत्या. ऋतुजाला ते पक्कं माहीत होतं.

सगळे गेल्यावर तिने स्वतः पावलांना हात लावला. पाय जागचा हलला नाही. तिने स्वयंपाकीणबाईंना बोलावून पाया पडायला लावलं. नाही हलला. तळव्याला पेन घासून पाहिलं. अंगठा तेवढा वर झाला, पाय तिथेच. मग तिने दार लावून घेतलं, तात्यांच्या थिजलेल्या नजरेसमोर उकिडवी बसली आणि म्हणाली, "तात्या, मी बोलते ते ऐकू येत असेल, तर पाय मागे घ्या."

बराच वेळ काही झालं नाही. मग पाय कष्टाने, थांबत थांबत मागे सरला.

ऋतुजा रडली, आनंदाने नव्हे. दोन वर्षं हा माणूस आत जागा होता आणि धोतर वर करून लोक त्याच्या पोटऱ्या दाबून बघत होते.

तिने पाय पुन्हा चौरंगावर ठेवला. "आता 'नाही' म्हणायचं असलं तरच मागे घ्या. संघ विकायचा?"

पाय मागे गेला. या वेळी चटकन.

मग तिला एक जुना खेळ आठवला. कॉलेजात असताना ती आणि बरोबरची पोरं एकमेकांवर हा प्रयोग करत. डोळे मिटायचे, दोन बोटांनी स्वतःचं नाक धरायचं आणि दंडाच्या खालच्या कंडरेवर, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोरीवर, मोटार लावायची. थोड्याच वेळात नाक हातभर लांब होत चालल्यासारखं वाटायचं. सगळे खिदळायचे. कारण असं, की दंडातले पहारेकरी 'ताणलं, ताणलं' ओरडतात. दंडाचा स्नायू ताणला जातो तो हात सरळ होताना. म्हणून मेंदू समजतो की हात सरळ होतोय, नाकापासून दूर चाललाय. पण बोटं तर नाकावरच आहेत. म्हणजे नाकच वाढलं असणार! मेंदू बिचारा पहारेकऱ्यांवर विश्वास ठेवतो. दुसरं तो करणार काय?

तात्यांची मान पट्ट्याने बांधलेली, डोळे भिंतीवर. स्वतःचा हात त्यांना दिसत नव्हता. त्यांना जे कळत होतं ते फक्त पहारेकऱ्यांकडून.

"तात्या," तिने पाय जागेवर ठेवून विचारलं, "लोक पाया पडतात तेव्हा तुमचा हात वर जातो, असं वाटतं तुम्हाला?"

पाय मागे सरकला. नाही.

म्हणजे तिचा अंदाज खरा होता. हात वर येत होता आणि आतल्या म्हाताऱ्याला तो खाली जातोय असं वाटत होतं. विक्रांत पायाशी वाकला, की तात्या मनात त्याला झिडकारत असणार, हात खाली झटकला म्हणून समाधान मानत असणार. आणि बाहेर तोच हात पोराच्या डोक्यावर अलगद टेकत होता, लोक फोटो काढत होते. याच्याहून ओंगळ काही ऋतुजाने आयुष्यात पाहिलं नव्हतं. मेलेल्याच्या अंगठ्याचा ठसा घेणारे परवडले, निदान मेलेल्याला आपण सही नाकारतोय असं वाटत तरी नाही.

ती तडक विक्रांतकडे गेली आणि सगळं सांगितलं. ते शुद्धीत आहेत, त्यांना कळतंय, ते नाही म्हणतायत. तिला वाटलं होतं, किती झालं तरी बाप आहे. आधी धावत खोलीत जाईल, मग पुढचं पुढे.

विक्रांत शेंगदाणे खात बसला होता. त्याने टरफलं फुंकली. "मला म्हाईत हाय ते, मॅडम. मला बघून पाय घेतात म्हणजे वळखतातच की मला. पण पायाचं तेवढं बघा तुम्ही. विक्रीच्या सभेत असं व्हायला नको. मांडीचा स्नायू आवळून धरला तर गुडघा सरळ राहील न्हवं? पाय मागं येणार न्हाई."

"मी नाही केलं तर?"

"तर थरथऱ्याच्या कंपनीचा माणूस येईल. त्याला तात्या कोण, ते ठाऊकपण नसणार. तुमचा हात तरी मायेचा हाय." तो खरोखरच समजुतीच्या सुरात बोलत होता, आणि तेच सगळ्यात घाण होतं.

"बघते," ऋतुजा म्हणाली. नकार दिल्यावर त्याने हाकलून दिलं असतं तर ती सभेत तात्यांच्या खुर्चीजवळ पोहोचलीच नसती. सभा दोनच दिवसांवर आली होती, आणि तात्यांचं 'नाही' सांगणारं तिच्याशिवाय दुसरं माणूस नव्हतं.

संघाच्या आवारात मांडव घातला होता. सभासद सतरंज्यांवर बसले होते, बायका डाव्या अंगाला. आई तिसऱ्या रांगेत होती. तात्यांना चाकांच्या खुर्चीतून मंचावर आणलं तेव्हा सगळा मांडव उठून उभा राहिला. फेटा बांधलेला, अंगरख्याखाली थरथऱ्या, पायाखाली चौरंग. ऋतुजा खुर्चीच्या मागे, फोन हातात घेऊन.

विक्रांतने माइकवरून डोळे पुसत भाषण केलं. आपण संघ विकत नाही, संघाला मोठ्या घरी देतोय, लेक देतात तसं, असं म्हणाला. आणि शेवटी, "तात्यांच्या आशीर्वादाशिवाय मी पाऊल टाकणार नाही," म्हणून बापाच्या पायांकडे वाकला.

ऋतुजाने सगळ्या मोटारी बंद केल्या.

घूं घूं थांबली. तात्यांचा पाय मागे सरकला. विक्रांतने हात आणखी पुढे नेला, पाय आणखी मागे गेला आणि चौरंगावरून खाली पडला. उजवा हात खुर्चीच्या दांड्यावर मुडद्यासारखा पडून होता. पुढच्या रांगांतली कुजबुज मागे पोहोचायच्या आत ऋतुजाने माइक उचलला.

"हात तात्या उचलत नव्हते," ती म्हणाली. आवाज चिरकला, पण थांबला नाही. "यंत्र उचलत होतं. मी बसवलं होतं ते, इथं, दंडाला. मांजर आलं तरी हात उठायचा. तात्यांना सगळं कळतंय. त्यांच्या हातात राहिलेली एकच गोष्ट म्हणजे हा पाय, आणि तो त्यांनी आत्ता तुमच्यासमोर मागे घेतला. त्यांचं 'नाही' आहे. मी विचारलंय त्यांना. पाहिजे तर तुम्ही विचारा."

विक्रांतचा चेहरा पांढराफटक पडला होता. ऋतुजाला वाटलं, सांगितलं एकदाचं. आता लोक उठतील.

पहिल्या रांगेत दत्तोबा खामकर बसले होते. तात्यांच्या बरोबरीचे, संघाचे पहिल्यापासूनचे सभासद. ते काठी टेकत उभे राहिले.

"पोरी," ते म्हणाले, "यंत्रानं का हुईना, हात तर तात्यांचाच हाय न्हवं?"

कुणीतरी मान डोलावली.

"आणि पायाचं म्हणशील, तर बापानं पोराचा नमस्कार न्हाई घेतला, तर त्यो घरातला राग. राग माया असल्याबिगर येतो व्हय? आमचा बा वर्सभर बोलत न्हवता माझ्यासंगं. म्हणून काय त्यानं शेत दिलं न्हाई मला?" ते खाली बसले. "सभा पुढं चालू द्या. कंपनी चांगला दर देतीया."

हशा पिकला. हलकासा, सुटकेचा. विक्रांतच्या चेहऱ्यावर रंग परत आला. त्याने ऋतुजाच्या हातातून माइक अलगद काढून घेतला आणि ठराव मांडला. मंजूर असेल त्यांनी हात वर करावेत.

हात वर झाले. आधी दत्तोबांचा, मग पुढची रांग, मग सगळा मांडव. तरणे हात, म्हातारे हात, बांगड्यांचे हात. एकाही दंडाला मोटार नव्हती. ऋतुजा बघत राहिली. विक्रांतची तिला किळस येत होती, ती समजण्यासारखी होती. पण आता ती सगळ्या माणसांची यायला लागली, ज्यांच्या घरी ती जेवली होती त्यांची, आणि ती कुठे ओकून टाकावी ते तिला कळेना. तात्यांचे डोळे समोरच होते, सभेकडे. या वेळी त्यांना सगळं दिसत होतं.

तिसऱ्या रांगेत एक हात मात्र वर गेला नव्हता. आईचे दोन्ही हात मांडीवर होते.

ऋतुजाने तात्यांच्या अंगातून थरथऱ्या उतरवला, विक्रांतच्या माणसांसमोर, कुणाची परवानगी न घेता. पाय उचलून चौरंगावर ठेवला, धोतर नीट घोट्यापर्यंत ओढलं. मग ती मंचावरून उतरली आणि आईकडे गेली. लोक चहाला पांगत होते. आई सतरंजीवर तशीच बसून होती.

"आई," ती म्हणाली. "तू एकटीने हात वर केला नाहीस."

आईने तिच्याकडे बघितलं नाही. "त्या दिवशी," ती म्हणाली, "माझ्या डोक्यावर हात आला तवा फोन तुझ्या हातात हुता?"

"हो."

"म्हंजे त्यो हात तू उचललास."

ऋतुजाने मान डोलावली.

"मी कपाळ टेकलं, रडले. म्हटलं तात्यांनी वळीखलं." आईचा आवाज खाली गेला. "म्हंजे भर लोकांत मी माझ्या पोटच्या लेकीच्या पाया पडले. आन् तू उभी ऱ्हाऊन घेतलंस."

"आई, तसं नाही गं."

ऋतुजा तिचा हात धरायला वाकली. आईने हात पदराखाली घेतला, गुडघ्यावर जोर देऊन स्वतःच उठली आणि म्हशींच्या धारेची वेळ झाली म्हणून निघून गेली.